बरोक काळातली बायबलची रेखाटनं कशी वाचायची: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सतराव्या शतकातलं, म्हणजे बरोक काळातलं, एखादं रेखाटन उघडलं की समोर येतं ते असं: तपकिरी शाईचे चार फटकारे, पंख असलेली एक आकृती, हातात मासा धरलेला एक पोरगा, पायाशी कुत्रं. खाली नाव, 'तोबियस आणि देवदूत'. तोबियस कोण, मासा कशाला, याचा पत्ता नाही. मग आपण प्रतीकांचा तक्ता शोधतो. मासा म्हणजे ख्रिस्त, कुत्रं म्हणजे निष्ठा, लिली म्हणजे पावित्र्य. तक्ता हाती आला की सगळं उलगडल्यासारखं वाटतं, आणि नेमका तिथेच घोळ सुरू होतो. कारण तोबियसच्या हातातला मासा हा आधी मासाच आहे. त्याच्या पित्ताने आंधळ्या बापाचे डोळे उघडणार आहेत.

बायबल ज्यांच्या घरात नव्हतं, अशा माझ्यासारख्या वाचकांसाठी हा लेख आहे. मी जो क्रम वापरतो तो एका ओळीत सांगतो: आधी गोष्ट, मग गोष्टीतला क्षण, आणि प्रतीक सगळ्यात शेवटी. उदाहरणं बहुतेक डच चित्रकार रेम्ब्राँची (१६०६–१६६९) घेतली आहेत. त्याची पानं घरबसल्या मोठ्या आकारात पाहता येतात आणि बायबलकडे तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा वळत राहिला. रेखाटनांच्या जोडीला त्याची एचिंगही घेतली आहेत. तांब्याच्या पत्र्यावर सुईने काढलेलं आणि मग कागदावर छापलेलं ते रेखाटनच असतं.

जवळ काय हवं

- बायबल, शक्यतो कॅथलिक आवृत्ती. तोबित, यूदीथ आणि सुसान्ना या तीन गोष्टी बरोक चित्रकारांच्या फार लाडक्या. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये त्या सहसा नसतात, म्हणून मराठीत सर्रास मिळणारी प्रत चाळून "ही गोष्ट नाहीच" असं ठरवू नका.
- नावांची एक चिठ्ठी. मराठी बायबलमधली नावं इंग्रजी उच्चारांपेक्षा वेगळी आहेत: मोशे, दावीद, पेत्र, योहान, मत्तय, पिलात, गुलगुथा, परूशी. संग्रहालयाचं शीर्षक आणि मराठी पान यांची सांगड घालताना ही चिठ्ठी रोज लागते.
- मोठ्या आकाराचं चित्र. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, तिघांच्याही संकेतस्थळांवर पानं विनामूल्य पाहता येतात. इंटरनेटवर शोधल्यावर समोर येणारी लहान चित्रं उपयोगाची नाहीत. त्यांच्या कडा बऱ्याचदा कापलेल्या असतात आणि अर्धी गंमत कडेलाच असते.
- बार्टश क्रमांक. आडाम बार्टशने १७९७ मध्ये रेम्ब्राँच्या एचिंगची यादी केली. तिचे क्रमांक आजही चालतात. एकाच विषयाची त्याने अनेकदा एचिंग केली आहेत, तेव्हा शीर्षकापेक्षा क्रमांक खात्रीचा.
- आयकॉनक्लास. चित्रविषयांची ही डच वर्गीकरण पद्धत आहे. ७१ म्हणजे जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग), ७३ म्हणजे नवा करार (येशू आणि त्याच्या शिष्यांचा भाग), आणि पुढे अक्षरं-आकडे लावत थेट प्रसंगापर्यंत जाता येतं. सुरुवातीला किचकट वाटते, पण दुसऱ्या चित्रकारांनी तोच प्रसंग कसा काढला हे शोधायला याहून सोपा रस्ता नाही.

जाता जाता: फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, तेव्हा रेम्ब्राँ दहा वर्षांचा होता. त्याने पुढे रेखाटलेल्या कितीतरी गोष्टी तेव्हाच मराठी ओवीत आल्या होत्या. ओवीची सवय असेल तर जुन्या कराराच्या गोष्टी तिथूनही वाचता येतील.

१. हातातलं पान कशाचं आहे ते पाहा

रेखाटन, एचिंग की चित्राचं छायाचित्र? ही पहिली नोंद. रेखाटन असेल तर साधन पाहा: पिसाची लेखणी, बोरू, लाल खडू, काळा खडू, वर पाणी घातलेल्या शाईचा हात. रेम्ब्राँ उतारवयात बोरू खूप वापरायचा. त्याची रेघ जाड आणि कोरडी येते, मधेच तुटते.

रंगावर अर्थ लादू नका. हिराकस आणि मायफळ यांची शाई मूळची काळी असते, काळाच्या ओघात तपकिरी होते आणि कधी कागदही खाते. "तपकिरी रंग म्हणजे माती, माती म्हणजे मर्त्य माणूस" असलं काही मनात आलं तर तिथल्या तिथे खोडून टाका.

चौकटींचं जाळं दिसलं तर तेही प्रतीक नाही. रेखाटन मोठ्या चित्रावर उतरवण्यासाठी आखलेल्या त्या रेघा. कोपऱ्यातले अक्षरांचे छोटे शिक्के बहुतेक वेळा जुन्या संग्राहकांचे. 'पीएल' अशी अक्षरं असलेला पीटर लेली या चित्रकाराचा शिक्का तर पुष्कळ पानांवर सापडतो.

२. गोष्ट शोधा आणि अध्याय पूर्ण वाचा

शीर्षकावरून प्रसंग कळला की नुसतं ते वचन वाचून थांबू नका, अख्खा अध्याय वाचा. या पायरीला कंटाळून ती गाळली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या अंदाजपंचे होतात. का, ते एका पानावरून दाखवतो.

रेम्ब्राँचं १६४८च्या सुमाराचं एक मोठं एचिंग आहे, बार्टश ७४. एका प्रतीला शंभर गिल्डर एवढी किंमत आली म्हणे, म्हणून त्याला 'शंभर गिल्डरचं चित्र' म्हणतात. मध्ये येशू, एका बाजूला आजारी माणसांचा लोंढा, दुसऱ्या बाजूला गप्पा मारणारे पुरुष, पोरं घेऊन आलेल्या बाया, हनुवटीला हात लावून बसलेला एक उंची कपड्यांतला तरुण आणि वेशीत एक उंट. नुसत्या चित्रावरून एवढंच म्हणता येईल की येशू आजाऱ्यांना बरं करतो आहे. मग उंट कशाला? पूर्वेकडचा देश दाखवायला?

आता मत्तयचा १९वा अध्याय काढा. वचन २: लोकसमुदाय मागे आला आणि त्याने त्यांना बरं केलं. वचन ३: परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, परीक्षा पाहायला आले. वचन १३: लोकांनी मुलं आणली आणि शिष्यांनी त्यांना दटावलं. चित्रात पाहा, पोराला घेऊन पुढे आलेल्या बाईला एक शिष्य हाताने मागे लोटतो आहे आणि येशूचा हात तिला बोलावतो आहे. वचन १६पासून तो श्रीमंत तरुण. सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर तो खिन्न होऊन निघून जातो. आणि वचन २४: श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. तो उंट वेशीत उभा आहे!

म्हणजे हा एक प्रसंग नाही. अख्खा अध्याय एका पानावर एकाच वेळी घडतो आहे. कुठल्याही तक्त्यात 'उंट' या नोंदीखाली हे सापडलं नसतं. आणखी एक बारकावा याच पानावर शोधा. विनवणी करणाऱ्या एका बाईच्या जोडलेल्या हातांची सावली येशूच्या झग्यावर पडली आहे. वाद घालणारे परूशी मात्र रेम्ब्राँने नुसत्या बारीक रेघांत सोडून दिले आहेत, त्यांच्यात सावलीचं वजनच नाही. ते अपुरं काम आहे की मुद्दाम, यावर हवा तेवढा वाद घाला. मला ते मुद्दामच वाटतं.

३. कुठला क्षण निवडला ते ठरवा

चित्रकाराला गोष्टीतला एकच क्षण मिळतो आणि बरोक चित्रकार सहसा पारडं फिरतं तो क्षण उचलतात. त्या क्षणाच्या जरा आधीचं काय आणि लगेच नंतरचं काय, हे स्वतःला विचारायची सवय लावा.

अब्राहाम आणि इसहाक घ्या. देवाच्या आज्ञेवरून बाप मुलाचा बळी द्यायला निघतो, सुरी उचलतो, आणि दूत त्याला थांबवतो. उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात दूत आकाशातून नुसती हाक मारतो. रेम्ब्राँच्या १६५५च्या एचिंगमध्ये (बार्टश ३५) तो मागून येऊन अब्राहामाचे दोन्ही हात धरतो, जवळपास मिठी मारल्यासारखा. आणि बापाचा एक तळवा पोराच्या डोळ्यांवर आहे. हा तळवा बायबलमध्ये नाही. जे मजकुरात नाही पण पानावर आहे, तिथे पेन्सिलने खूण करा. चित्रकाराचं म्हणणं तिथेच असतं.

उलट नोंदही करा: मजकुरात आहे पण चित्रकाराने वगळलंय असं काय?

४. आता ओळखीच्या खुणा

इथपर्यंत आल्यावर तक्ता उघडायला हरकत नाही. हातात डोंगर दिसला की मारुती, तसं इथेही चालतं. थोडक्यात:

- पेत्र: किल्ल्या, आणि 'मी येशूला ओळखत नाही' म्हणतो त्या प्रसंगात कोंबडा
- पौल: तलवार
- बाप्तिस्मा करणारा योहान: उंटाच्या केसांचं वस्त्र, वेताचा क्रूस, कोकरू
- चार शुभवर्तमानकार (येशूचं चरित्र लिहिणारे): मत्तयला माणूस किंवा दूत, मार्कला सिंह, लूकला बैल, योहानला गरुड
- दावीद: गोफण आणि गल्याथचं मुंडकं, राजा म्हणून असेल तर वीणा
- मोशे: दहा आज्ञांच्या पाट्या, आणि कपाळावर शिंगं किंवा प्रकाशाचे दोन झोत
- मरीयेला येशूच्या जन्माचा निरोप: दूत, कबुतर, लिली, उघडं पुस्तक
- क्रूसाच्या पायथ्याशी कवटी: आदामाची, गुलगुथा म्हणजेच कवटीची जागा

नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती मुंडकं घेतलेल्या बाईपाशी. तलवार आणि सोबत दासी व पिशवी असेल तर यूदीथ, आणि मुंडकं शत्रूच्या सेनापतीचं, होलोफर्नेसचं. तबक असेल तर सलोमे, मुंडकं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं. तलवारही आहे आणि तबकही, मग? फ्रांचेस्को माफेई या सतराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचं असंच एक चित्र आहे. एर्विन पानोफ्स्की या कला-इतिहासकाराने ते सोडवलं ते असं: यूदीथच्या हाती तबक दिल्याची इतर उदाहरणं सापडतात, सलोमेच्या हाती तलवार दिल्याची सापडत नाहीत, म्हणून ही यूदीथ. ही पद्धत लक्षात ठेवा. एकट्या वस्तूवरून निवाडा करायचा नाही, तिची त्या काळातली सोबत पाहायची.

५. एका गोष्टीत दडलेली दुसरी गोष्ट

ख्रिस्ती परंपरेत जुन्या करारातला प्रसंग हा नव्या करारातल्या प्रसंगाची आगाऊ सूचना मानतात. बाहेरून येणाऱ्या वाचकाला हे कोणी सांगितलं नाही तर कळत नाही. इसहाक स्वतःच्या बळीची लाकडं पाठीवर वाहतो, येशू क्रूस वाहतो. झुडपात शिंगं अडकलेला मेंढा इसहाकाच्या जागी मरतो, काट्यांचा मुकुट घातलेला येशू माणसांच्या जागी. योना तीन दिवस माशाच्या पोटात, येशू तीन दिवस कबरीत (मत्तय १२:४०). मोशेने खांबावर उंच केलेला पितळी साप म्हणजे उंच केलेला ख्रिस्त (योहान ३:१४).

म्हणून जुन्या कराराच्या पानावर लाकूड, खांब, मेंढा किंवा विहीर ठळक दिसली तर थांबून विचारा. पण प्रत्येक लाकडात क्रूस शोधायला लागलात तर सुताराचं दुकानही पवित्र होईल.

६. प्राणी: कुठे थांबायचं

प्राण्यांपाशी माणसं सगळ्यात जास्त वाहवत जातात, म्हणून वेगळी पायरी.

रेम्ब्राँचं १६३८चं आदाम-हव्वा (बार्टश २८) पाहा. झाडावर साप नाही, पाय असलेला ड्रॅगन आहे. कारण मजकुरातच मिळतं: "पोटाने चालशील" हा शाप सापाला फळ खाल्ल्यानंतर मिळाला (उत्पत्ति ३:१४), त्याआधी त्याला पाय असणारच. मागे उन्हात एक हत्ती चालला आहे. मध्ययुगीन प्राणिकथांमध्ये हत्ती संयमी, शुद्ध मानला जाई आणि ड्रॅगन त्याचा वैरी. म्हणजे जोडी मुद्दाम जुळवलेली. पण हा हत्ती पुस्तकातला नाही. सिलोनहून हॉलंडमध्ये आणलेली हान्स्केन नावाची हत्तीण लोक पैसे देऊन पाहत, आणि रेम्ब्राँने १६३७ मध्ये काळ्या खडूने तिची रेखाटनं केली. एक व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. एकाच हत्तीत परंपरेतलं प्रतीक आणि डोळ्यांनी पाहिलेलं जनावर, दोन्ही आहेत. यातलं एक निवडायची गरज नाही.

आता १६३३चं 'भला शोमरोनी' घ्या. लुटारूंनी जखमी केलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची, येशूने सांगितलेली ही गोष्ट. जखमी माणसाला धर्मशाळेत उतरवताहेत आणि पुढ्यात, अगदी आपल्या नाकासमोर, एक कुत्रं शौचाला बसलं आहे. निष्ठेचं प्रतीक? ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं. मला तिथे एवढंच दिसतं की दया रोजच्या गलिच्छ रस्त्यावर घडते आहे.

आणि १६५१चा आंधळा तोबित (बार्टश ४२). मुलगा परतल्याची चाहूल लागताच म्हातारा उठतो आणि चाचपडत दाराकडे निघतो, पण त्याचा नेम चुकलाय, तो भिंतीकडे चाललाय. चरखा कलंडलेला, कुत्रं पायात घुटमळतंय. हे तेच प्रवासाला गेलेलं कुत्रं, म्हणजे मुलगा आलाच. धुराड्यात मासे टांगलेत. इथला प्रत्येक तपशील घरातलाच आहे, आणि गोष्ट वाचलेल्याला प्रत्येक तपशील काहीतरी सांगतो.

७. प्रकाश आणि कोरा कागद

रंगचित्रात प्रभावलय सोन्याने काढता येतं. रेखाटनात पांढरा रंग म्हणजे न काढलेली जागा. त्यामुळे कागद कुठे कोरा सोडलाय ते काळजीपूर्वक पाहा.

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात अम्माऊस गावातल्या जेवणाचं एक रेखाटन आहे, रेम्ब्राँच्या वर्तुळातलं. दोन शिष्य वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाबरोबर जेवायला बसतात, तो भाकरी मोडतो, हा मरणातून उठलेला येशू आहे हे ते ओळखतात आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो (लूक २४:३१). रेखाटनात खुर्ची रिकामी आहे आणि तिच्या जागी प्रकाशाचा नुसता स्फोट. येशू काढलेलाच नाही. प्रतीकांच्या तक्त्याला इथे धरायला काही उरत नाही, आणि लूकचं ते एक वचन वाचलेलं असेल तर काही अडतही नाही.

८. चित्र कोणासाठी काढलं

ही पायरी छोटी आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये चित्रांबद्दल ठराव केला. चित्रांनी श्रद्धा शिकवावी, चुकीचं काही शिकवू नये, असा त्याचा रोख. इटलीत ग्वेर्चिनो (१५९१–१६६६), फ्लँडर्समध्ये रूबेन्स हे कॅथलिक चर्चसाठी काम करणारे. तिथे मरीया, संत, साक्षात्कार, ढगांतले दूत भरपूर. त्यांची बरीच रेखाटनं वेदीवरच्या चित्रांची तयारी असतात. हॉलंडच्या कॅल्व्हिनपंथी (प्रॉटेस्टंट) चर्चमध्ये चित्रं नसत, त्यामुळे तिथली बायबलची पानं घरात आणि संग्राहकाच्या चोपडीत जात. मजकुराशी बारकाईने खेळणारी चित्रं तिथे जास्त सापडतात यात नवल नाही.

अडकायच्या जागा

*डावं-उजवं.* येशूबरोबर क्रूसावर दिलेल्या दोन चोरांपैकी त्याच्या उजवीकडचा, म्हणजे आपल्या डावीकडचा, चोर पश्चात्ताप झालेला मानतात. पण एचिंगचा छाप उलटा उमटतो. चित्रकाराने पत्र्यावर आधीच उलटं काढलं नसेल तर आशीर्वादाचा हात डावा होतो. छापावरून डाव्या-उजव्याचा अर्थ काढण्यापूर्वी इतर खुणांनी खात्री करा.

*अवस्था.* रेम्ब्राँ पत्र्यात फेरफार करत राहायचा. प्रत्येक फेरफारानंतर छापलेलं रूप म्हणजे एक अवस्था. १६५५च्या 'पिलात येशूला लोकांसमोर आणतो' (बार्टश ७६) या छापात आधी चौथऱ्यापुढे मोठी गर्दी आहे. नंतरच्या अवस्थांत ती खरवडून टाकून तिथे दोन काळ्या कमानी आणल्या. गर्दीबद्दल लिहिताना तुमच्यासमोर कुठली अवस्था आहे ते नोंदवलं नाही तर वाचणाऱ्याला तुम्ही काय बोलताय तेच कळणार नाही.

*शीर्षक.* रेखाटनांवर बहुधा सही नसते, नाव तर नसतंच. संग्रहालयाचं शीर्षक म्हणजे नंतरच्या कुणा जाणकाराचं मत. ते मजकुराशी ताडून पाहा.

सरावासाठी एक पान

रेम्ब्राँचं १६५६चं 'अब्राहाम दूतांचा पाहुणचार करतो' (बार्टश २९) उघडा. आधी उत्पत्तीचा १८वा अध्याय वाचा, मग २१वा. आता शोधा: जमिनीवर बसलेले तीन पाहुणे, त्यातला पांढऱ्या दाढीचा कोण? यजमान त्यांच्यापेक्षा खाली का वाकलाय? दाराआड कोण ऐकतंय आणि १८:१२मध्ये ती काय करणार आहे? पाठमोरा, धनुष्य घेतलेला पोरगा कोण? त्याचं उत्तर २१:२०मध्ये आहे, आणि वृद्ध दांपत्याला मुलगा होणार ही बातमी त्याच्या वाट्याला काय घेऊन येणार, हे त्याच अध्यायात थोडं आधी.

हे जमलं की ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर रेम्ब्राँचं दुसरं रेखाटन काढा: झाडाखाली बसलेले चार मुस्लिम साधुपुरुष. भारतातून हॉलंडला पोहोचलेल्या मुघल लघुचित्रांवरून त्याने जवळपास २५ रेखाटनं केली, त्यातलं हे एक. त्या धर्तीचं लघुचित्र आजही व्हिएन्नाच्या शॉनब्रून राजवाड्यात आहे. दोन्ही पानं शेजारी ठेवून बैठक कुठून आली ते पाहा. मग लिहा: बायबलच्या सगळ्यात जुन्या पाहुणचारासाठी त्याला हीच बैठक का पटली असेल? उत्तर दोन-तीन वाक्यांत बसवा आणि प्रत्येक वाक्यासमोर वचनाचा आकडा किंवा पानावरची जागा लिहा. दोन्हींपैकी काहीच लिहिता येत नसेल ते वाक्य काढून टाका.